मेपलच्या पाकाच्या कढया व शिरक्याने त्यांची सफाई

गोड रस आटवून त्याचा टिकाऊ पदार्थ करण्याचा उद्योग केवळ उसाच्या मुलुखातच चालतो असे नाही. उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशात मेपल नावाच्या वृक्षाच्या खोडास भोक पाडून त्यातून पाझरणारा रस गोळा करतात आणि तो आटवून पाक तयार करतात. जगात होणाऱ्या ह्या पाकापैकी सात दशांशांहून अधिक पाक कॅनडातील एकट्या क्विबेक प्रांतात होतो. संयुक्त संस्थानांत व्हर्माँट, न्यूयॉर्क व मेन ही राज्ये ह्या धंद्यात पुढे आहेत. तेथील पुष्कळ शेतकरी उन्हाळ्यात गाईगुरे व गवताचे पीक सांभाळतात आणि हिवाळा सरत असता महिना दीड महिना ह्या धंद्यास वाहून घेतात. आपल्याकडे जसे गुऱ्हाळ, तसे त्यांचे साखरघर.

हा वृक्ष आपल्या हवेत लावून पाहण्याची खटपट कोणी करावी, असे सुचविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. कडाक्याच्या थंडीवाचून त्याचे चालत नाही. परंतु त्या साखरघरातील कढईच्या बुडाशी एक कठीण थर बसतो, तो काढण्यासाठी तेथील शेतकरी स्वयंपाकघरातील शिरका, म्हणजे बाजारात ज्यास व्हिनेगर म्हणतात तो, वापरतात. आणि ह्या साध्या रीतीत धातू, आम्ल व क्षार ह्यांच्या परस्परसंबंधाचे जे ज्ञान साठविलेले आहे, ते काहिलीशी व्यवहार असणाऱ्या आपल्या वाचकांस उपयोगी पडण्यासारखे आहे. चुकीचे आम्ल चुकीच्या पत्र्यावर ओतल्याने हजारो रुपयांचे भांडे एका रात्रीत निकामी होऊ शकते. ह्याहून वाईट म्हणजे, भांड्यातील विषारी धातू खाण्याच्या पदार्थात उतरू शकतो. सबब विषय क्षुल्लक दिसला तरी तो सविस्तर सांगणे योग्य वाटते.

प्रथम रसाची हकीकत. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत तेथे रात्री पाणी गोठते व दिवसा बर्फ वितळते. रात्रीच्या गोठण्याने व दिवसाच्या उबेने खोडातील दाब खालीवर होतो आणि भोकातून रस ठिबकू लागतो. कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते व हंगाम संपतो. हा रस दिसण्यात पाण्यासारखा असून त्यात साखर अवघी शेकडा दोनच्या आसपास असते. आपल्या उसाच्या रसात ती शेकडा पंधरा ते वीस असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या लोकांस किती पाणी उडवावे लागते ह्याची कल्पना येईल. तिकडे ह्याबाबत '८६ चा नियम' म्हणून एक तोंडी हिशेब प्रसिद्ध आहे. रसातील साखरेच्या शेकडेवारीने ८६ ला भागावे, म्हणजे एक माप पाकास किती मापे रस लागेल तो आकडा येतो. साखर शेकडा दोन असेल तर ४३ लिटर रसाचा एक लिटर पाक होतो. बाकीचे ४२ लिटर पाणी वाफ होऊन छपरातून निघून जाते, आणि त्यासाठी लाकडाच्या राशी जळतात. अलीकडे पुष्कळ ठिकाणी रस आधी दाबाने पडद्यातून गाळून त्यातील बरेचसे पाणी यंत्रानेच काढून टाकतात व उरलेला घट्ट रस आटवितात. त्यायोगे सरपण वाचते खरे, पण ज्या क्षाराविषयी आपण पुढे बोलणार आहोत त्याचा थर कढईत अधिक लवकर बसतो.

कढई हा शब्द येथे सोयीसाठी वापरला आहे. ती आपल्या काहिलीप्रमाणे गोल नसते. लांबट चौकोनी भट्टीवर एकीमागे एक अशा दोन कढया बसविलेल्या असतात. मागच्या कढईच्या बुडाला खोल पन्हळी असून त्या ज्वाळांच्या वाटेत लोंबत असतात, त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ पृष्ठभागास आच लागते. थंड रस प्रथम तेथे येतो. तो अर्धवट आटला म्हणजे पुढच्या, सपाट बुडाच्या कढईत उतरतो. हिच्यात आडव्या भिंती घालून नागमोडी वाट केलेली असते, आणि रस एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकास पाक होऊन बाहेर पडतो. आपण एक आधण उतरवून दुसरे चढवितो, तिकडे मात्र एका बाजूने रस व दुसऱ्या बाजूने पाक असा ओघ अखंड चालतो. पाण्याच्या उकळबिंदूहून सुमारे चार अंश सेल्सिअस अधिक तापमान झाले की पाक उतरविण्याजोगा झाला असे समजतात. पाण्याचा उकळबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे रोज थोडा बदलतो. म्हणून जाणते लोक त्या दिवशी आधी पाणी उकळून आपला उष्णतामापक तपासून घेतात.

कढईत रसाची खोली दोन ते पाच सेंटिमीटरच काय ती असते. भट्टी भडकलेली, रस उथळ, आणि बुडाचा पत्रा पातळ. रस येणे दोनतीन मिनिटे थांबले तरी पाक करपतो आणि पत्रा वाकतो. अशा ठिकाणी बुडाशी थर बसणे म्हणजे काय, हे गुऱ्हाळ चालविणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

हा थर कशाचा? मेपलच्या रसात साखरेबरोबर काही खनिज द्रव्ये व सेंद्रिय आम्ले असतात. त्यांपैकी मुख्य आम्ल मॅलिक आम्ल होय. स्वीडनमधील रसायनज्ञ शेले ह्याने १७८५ साली सफरचंदाच्या रसातून ते प्रथम वेगळे काढले. आपल्या वाचकांचा त्याच्याशी परिचय त्याहून जुना आहे. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे हरभऱ्याच्या शेतातून चालत गेले असता पायास जी आंबट आंब लागते आणि धोतरावर टाकलेला हात जिभेस लावला असता जी आंबट लागते, तिच्यात हेच मॅलिक आम्ल असते. जोडीला ऑक्झॅलिक आम्लही असते. मेपलच्या रसातील हे आम्ल तेथील चुनखडी द्रव्याशी, म्हणजे कॅल्शियमशी, संयोग पावून एक क्षार बनते. पातळ रसात हा क्षार विरघळून राहतो. पाणी उडत जाऊन रस घट्ट झाला की त्यास विरघळलेले राहण्यास जागा उरत नाही, आणि तो बारीक रवाळ गाळाच्या रूपाने खाली बसू लागतो. पाकात तरंगणाऱ्या ह्या गाळास तिकडचे लोक 'साखरवाळू' म्हणतात. नाव साखरेचे असले तरी ती साखर नव्हे. दाताखाली ती वाळूप्रमाणेच कचकचते. हीच वाळू कढईच्या तापलेल्या बुडावर चिकटली म्हणजे तिचा करडा तपकिरी थर होतो. तिच्यात थोडी वालुकामय द्रव्ये आणि करपलेली साखरही मिसळलेली असते. कोणत्या वर्षी ही वाळू किती निघेल ह्याचा नेम नसतो. एखाद्या वर्षी ती फार थोडी असते, तर दुसऱ्या वर्षी त्याच झाडांच्या रसातून इतकी निघते की गाळण्या तासातासाला तुंबतात.

थर मुख्यतः पुढच्या कढईत, आणि तिच्यातही पाक उतरविण्याच्या टोकाशी दाट बसतो, कारण रस तेथे सर्वांत घट्ट असतो. तो उष्णतेचा वाईट वाहक असल्यामुळे आच रसापर्यंत नीट पोहोचत नाही. सरपण अधिक जळते आणि उकळी मंदावते. पत्र्याची उष्णता रसात जात नाही, म्हणून पत्राच बेसुमार तापतो. थरात अडकलेली साखर त्यामुळे जळते, पाकाला करपट वास लागतो आणि रंग काळवंडतो. आता तिकडे पाकाची प्रतवारी रंगावरच ठरते. सोनेरी, अंबर, गडद व अतिगडद अशा चार प्रती २०१५ पासून संयुक्त संस्थानांत मान्य झालेल्या आहेत. गडद पाकासही आवडीने घेणारे ग्राहक असतात, परंतु करपट वासाचा पाक कोणत्याच प्रतीत बसत नाही. तो किरकोळ बाजारात विकता येत नाही. सबब हंगामाच्या मध्यावर कढई घासावी की आणखी एक दिवस चालवावी, हा निर्णय तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने पैशाचा निर्णय असतो. रस मात्र त्याची वाट पाहत नाही. ऊब वाढली की टाकीतला रस दोन दिवसांत आंबतो.

थर बसूच नये अशी युक्ती अद्याप कोणास साधलेली नाही. तो उशिरा बसावा एवढेच करता येते. पुष्कळ कढयांना दोन्ही टोकांस तोट्या असतात. एका दिवशी पाक डावीकडून काढला तर दुसऱ्या दिवशी ओघ उलटा करून उजवीकडून काढतात. असे केले म्हणजे काल जेथे घट्ट पाक होता तेथे आज पातळ रस येतो आणि बसलेल्या क्षाराचा काही भाग तो आपल्यात परत विरघळवून घेतो. युक्ती फुकटची असून मोठ्या उपयोगाची आहे. ज्यांस परवडते ते पुढची कढई दुहेरी ठेवतात. एक भट्टीवर असता दुसरी भिजत पडलेली असते. तयार पाक मात्र नमद्याच्या जाड गाळणीतून किंवा दाबयंत्रातून गाळल्याखेरीज बाटलीत भरीत नाहीत.

आता सफाईकडे वळू. थर कालथ्याने वा तारेच्या घासणीने खरवडून काढावा असे प्रथम मनात येते, आणि तेच करू नये. पातळ पत्र्यावर ओरखडे पडले की पुढच्या वेळी क्षार त्याच ओरखड्यांत घट्ट धरून बसतो. शिवाय साध्या पोलादी तारेचे कण गंज न चढणाऱ्या पोलादात रुतून राहतात आणि ते स्वतः गंजून कढईवर डाग पाडतात. साबण किंवा धुण्याची पूड वापरणे ही त्याहून मोठी चूक. साबणाचा अंश पूर्णपणे धुऊन निघत नाही. पाकाची चव फार नाजूक असते, आणि त्रेचाळीस मापांचे एक माप करताना कढईत राहिलेला कोणताही दोष त्याबरोबर आटून दाट होतो.

शिरक्याने काय होते ते पाहा. शिरक्यात शेकडा सुमारे पाच ॲसेटिक आम्ल असते. थरातील मॅलिक आम्लाचा क्षार पाण्यात फारसा विरघळत नाही. शिरक्यात मात्र त्याचा कॅल्शियम अंश सुटा होतो व दोन्ही द्रव्ये पाण्यात उतरतात. आपल्या स्वयंपाकघरात चिंचेने पितळ उजळते ते ह्याच जातीचे काम. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विहिरीच्या जड पाण्याने भांड्यात जो पांढरा थर बसतो त्यावर शिरका टाकला तर बुडबुडे येतात, कारण तो थर चुनखडीचा असतो. मेपलच्या थरावर असे बुडबुडे फारसे येत नाहीत. फसफस दिसली नाही म्हणून शिरका निरुपयोगी आहे असे समजून कित्येक नवखे तो ओतून देतात आणि जहाल आम्लाच्या मागे लागतात. शिरक्याचे काम आवाज न करता चालते, आणि त्यास वेळ लागतो.

रीत अशी. भट्टी विझवून कढई रिकामी करावी आणि गरम पाण्याने खळबळून चिकट साखर आधी काढून टाकावी. साखरेचा लेप राहिला तर आम्ल थरापर्यंत पोहोचत नाही. नंतर थर पूर्ण बुडेल इतका शिरका ओतावा. साठ सेंटिमीटर रुंद व नव्वद सेंटिमीटर लांब अशा कढईत अडीच सेंटिमीटर उंचीपर्यंत भरण्यास साडेतेरा लिटर द्रव लागतो. ह्यावरून आपापल्या कढईचा हिशेब कोणासही करता येईल. थर पातळ असेल तर निम्मे पाणी घातले तरी चालते. जाड असेल तर शिरका निखळच घ्यावा. मंद आचेवर तो कोमट करावा, पण उकळू देऊ नये. उकळल्याने आम्लच वाफेबरोबर उडून जाते आणि ती वाफ डोळ्यांस व घशास झोंबते. वाफ दिसू लागली की आच काढावी, वर झाकण घालावे व रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी थर भिजलेल्या गेरूप्रमाणे मऊ झालेला आढळतो. मऊ कुंचल्याने किंवा फडक्याने तो पुसून घ्यावा. वालुकामय भाग शिरक्यात विरघळत नाही, परंतु त्यास धरून ठेवणारा क्षार गेल्यामुळे तो सुटा होऊन निघतो. कोठे पापुद्रा उरला तर त्या जागी पुन्हा शिरका घालावा. जोर करू नये. एकाच शिरक्याने दुसरी कढई साफ करण्यास हरकत नाही, मात्र प्रत्येक वेळी त्याची शक्ती कमी होत जाते.

एका डागावर शिरक्याचा काहीच परिणाम होत नाही, तो म्हणजे जळून कोळसा झालेल्या साखरेचा. कोळसा आम्लात विरघळत नाही. त्यासाठी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून भिजत ठेवावे लागते. साखर कारखान्यांतील मोठ्या आटवण यंत्रांतही प्रथम कॉस्टिक सोड्याने आणि मग आम्लाने असे दुहेरी धुणे ह्याच कारणास्तव करतात. मात्र सोडा व शिरका एकाच वेळी घालू नयेत. दोघे एकमेकांस मारतात आणि हाती फक्त फेस राहतो.

यानंतरचे काम धुण्याचे, आणि आमच्या मते सर्वांत अधिक हयगय ह्यातच होते. कढई स्वच्छ पाण्याने तीन वेळा तरी भरून ओतावी. तोट्या, नळ्या व कोपरे ह्यांतून पाणी खेळवावे. शेवटच्या पाण्यात लिटमसचा निळा कागद बुडविला असता तो तांबडा होता कामा नये. आम्लाचा अंश राहिला तर केवळ चव बिघडते असे नाही. आम्लात तापलेली साखर फुटून तिचे दोन निराळ्या साखरांत रूपांतर होते व पाकाचा रंग गडद होतो. आंबूस रसाचा गूळ लिबलिबीत होऊन ढेपेस येत नाही, हा आपल्याकडचा अनुभव. त्यामागचे कारणही हेच आहे.

शिरक्यापेक्षा जहाल आम्ले बाजारात मिळतात. मेपलच्या कढयांसाठी म्हणून फॉस्फोरिक व सल्फॅमिक आम्लांची तयार द्रावणे विकली जातात. ती तासाभरात काम उरकतात. हातमोजे व डोळ्यांस चष्मा घालून, सूचनेबरहुकूम पातळ करून वापरली तर पोलादी कढईस त्यांपासून भय नाही. ज्याच्यापाशी मोठ्या कढया आहेत आणि हंगामात एक रात्रही रिकामी नाही, त्याने ती वापरली तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु ती धुताना काटेकोरपणा अधिक लागतो, आणि धुण्याचे पाणी ओढ्यात सोडता येत नाही. मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक, ह्याविषयी मात्र स्पष्ट शब्दांत निषेध केला पाहिजे. ते स्वस्त असते व थर झपाट्याने उडवते. पण त्यातील क्लोराइडमुळे गंज न चढणाऱ्या पोलादावरचे संरक्षक आवरणच नष्ट होऊन पत्र्यास सुईच्या अग्राएवढी भोके पडतात. अशी भोके आज दिसत नाहीत, पुढच्या हंगामात रस भट्टीत गळू लागला की दिसतात. ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम क्लोरीनयुक्त द्रव्यांचा पोलादावर असाच परिणाम होतो. शिवाय ती शिरक्यात वा कोणत्याही आम्लात मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत त्याने माणूस गुदमरतो. ही दोन द्रव्ये एका कोनाड्यातदेखील शेजारी ठेवू नयेत.

कढई कोणत्या धातूची आहे हे ठाऊक झाल्यावाचून मात्र तिच्यात शिरक्याचा थेंबही ओतू नये. वर जे सांगितले ते सर्व गंज न चढणाऱ्या पोलादाच्या, म्हणजे ज्यास लोक स्टील म्हणतात त्याच्या, कढईस लागू आहे. जुन्या काळी तिकडे जस्त चढविलेल्या किंवा कथील चढविलेल्या पत्र्याच्या कढया वापरीत, आणि त्यांचे सांधे शिशाच्या डाकाने जोडलेले असत. सौम्य आम्लही जस्तास खाते व शिशास विरघळवते. शिसे हे साठत जाणारे विष असून लहान मुलांच्या मेंदूस त्याच्या अल्प मात्रेनेही अपाय होतो. पाकात शिसे सापडू लागल्यानंतर १९९० च्या दशकात तिकडील कारखानदारांनी शिशाचा डाक सोडून दिला; पण वाडवडिलांपासून चालत आलेल्या कढया काही ठिकाणी अजून आहेत. अशा कढईत शिरका घालून ती लखलखीत करणे म्हणजे धातूवर बसलेले संरक्षक आवरण उतरवून उघडे शिसे पुढच्या रसास मोकळे करून देणे होय. तिची दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. ती भट्टीवरून उतरवावी आणि मोडीत घालावी. पत्र्याची जात कळत नसेल तर सांधा पाहावा. गुळगुळीत, राखी, नखाने ओरखडा उमटेल इतका मऊ डाक दिसला तर शिशाचा संशय घ्यावा.

ही गोष्ट आपल्या गृहिणींस अन्य मार्गाने पूर्वीच ठाऊक आहे. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक वा आमटी ठेवली तर ती कळकते, आणि कळकलेले अन्न पोटात गेल्यास वांत्या होतात. आम्ल व धातू ह्यांच्या संयोगाचाच हा परिणाम.

व्हर्माँटमधील काही काटकसरी शेतकरी शिरकाही विकत आणीत नाहीत. हंगामाच्या अखेरचा, चव बिघडलेला रस ते कढयांत भरतात, वर झाकण घालतात आणि दोनतीन आठवडे तसाच राहू देतात. ऊब वाढल्यावर रस आंबतो, त्यात जंतू साखरेपासून आम्ले तयार करतात, आणि जो थर रसाने घातला तोच रस तो सोडवून काढतो. वास मोठा उग्र येतो आणि वर बुरशीची साय धरते, हे खरे. पण खर्च शून्य असून पोलादी पत्र्यास अपाय नाही. शेवटी कढई पुष्कळ पाण्याने धुऊन घ्यावी लागते. शिरका मुळात असाच तयार होतो. फरक इतकाच की हा शिरका कढईतच घडतो. हंगामाच्या मध्ये ही रीत उपयोगी नाही, कारण तेव्हा तीन आठवडे कोणाजवळ असतात?

कढईच्या खालच्या अंगाची काजळी विसरू नये. लाकडाच्या धुराचा लेप पन्हळींवर जाड चढला की आच अडते. ती कोरड्या कुंचल्याने झाडावी. तेथे शिरक्याचे काम नाही. काजळी तशीच राहून तिच्यात दमट हवा मुरली तर पावसाळाभर ती पत्रा खात बसते. म्हणून तिकडचे लोक हंगाम संपल्यावर धुराड्यावर झाकण बसवितात, कढया पूर्ण कोरड्या करून ठेवतात आणि उंदीर शिरणार नाहीत अशी तजवीज करतात.

राहिला प्रश्न आपल्या काहिलीचा. कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या बाजूस गुऱ्हाळ चालविणाऱ्यांपैकी कोणी वरील मजकूर वाचून सरळ शिरक्याच्या बाटल्या आणील, तर त्याने दोन गोष्टींचा विचार करावा. पहिली ही की उसाच्या रसाचा थर निराळा असतो. आपण रसात चुना घालतो, भेंडीच्या चिकाने मळी काढतो. बुडाशी बसणाऱ्या थरात चुन्याची फॉस्फेटे, वालुकामय द्रव्ये व करपलेली साखर ह्यांचा भरणा असतो. मेपलच्या थराइतक्या सहजतेने तो शिरक्यास वश होईल अशी अपेक्षा ठेवू नये. दुसरी गोष्ट लोखंडाची. साध्या लोखंडी काहिलीत शिरका रात्रभर ठेवला तर तो थराआधी लोखंडच खाईल. उघड्या पडलेल्या पत्र्यावर सकाळी तांबूस गंज दिसेल आणि पहिल्या आधणाचा गूळ काळपट निघेल. लोखंडी काहिलीस आधण उतरताच गरम पाणी, भिजवण व काथ्याचा कुंचला हेच योग्य. जस्ताच्या पत्र्यास शिरका वर्ज्य. ॲल्युमिनियमवरही तो ठेवू नये. स्टीलची काहील असेल तर एका कोपऱ्यात वाटीभर कोमट शिरका चारसहा तास ठेवून पाहावे. थर मऊ झाला तर सर्व काहिलीस तो लावावा. न झाला तर आधी सोड्याचे गरम पाणी घालून करपट भाग काढावा आणि मग पुन्हा शिरक्याची परीक्षा घ्यावी.

बाजारातून शिरका घेताना बाटलीवरील मजकूर वाचावा. आंबवून केलेला व ॲसेटिक आम्लात पाणी घालून केलेला असे दोन प्रकार मिळतात. सफाईपुरते दोन्ही सारखेच, आणि दुसरा स्वस्त पडतो. रंगीत किंवा मसाला घातलेला शिरका घेऊ नये. काही दुकानदार निखळ ॲसेटिक आम्लच 'शिरक्याचे आम्ल' म्हणून देतात. ते शिरक्याच्या वीसपट तीव्र असते, त्वचा भाजते आणि त्याची वाफ पेट घेते. ते घ्यावेच लागले तर एक भाग आम्लास एकोणीस भाग पाणी ह्या प्रमाणात, आम्ल पाण्यात ओतून, उघड्यावर मिसळावे आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

वापरून झालेला शिरका थोडा चुना किंवा सोडा घालून शमवावा आणि पुष्कळ पाण्याबरोबर रिकाम्या जागेत पसरून टाकावा. विहिरीजवळ वा झाडाच्या बुंध्याशी एकाच ठिकाणी ओतू नये. धुतलेली कढई अथवा काहील पुन्हा चुलवणावर चढविली म्हणजे पहिल्याने तीत साधे पाणी उकळून ओतून द्यावे. त्या पाण्याची चव पाहावी, आणि आंबट वा धातूची चव लागली नाही तरच तीत रस सोडावा.